दाताच्या डॉक्टर मॅडमना, मनापासून

मॅडम, सप्रेम नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी, भर पावसात, मी तुमच्यासमोर उभी होते. कडेवर दीड वर्षाचा मुलगा आणि पदराला धरून साडेचार वर्षांची लेक, उजवा गाल टम्म सुजलेला. आदल्या रात्री ती क्षणभरही झोपली नव्हती. सासूबाईंनी मायेपोटी तिच्या दाढेत चिमूटभर मशेरी भरली होती. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकाने ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी दिली होती, म्हणून तरी आम्ही तुमच्यापर्यंत पोचलो. (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं हे पथक वर्षातून दोनदा येतं. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरातून सुरू झाला, हे मला नंतर कळलं.) त्याआधी एका ठिकाणी दाखवलं होतं, तर "दुधाचे दात आहेत, पडणारच," असं ऐकून आम्ही निर्धास्त घरी आलो होतो.

तुम्ही रागवाल या भीतीने माझा घसा कोरडा पडला होता. तुम्ही रागावला नाहीत. सासूबाईंना शेजारी बसवून म्हणालात, "आजी, लेकरासाठी जीव तुटतो तुमचा, कळतं मला. पण मशेरी म्हणजे तंबाखूच, ती हिच्या पोटात जायला नको." त्या दिवसापासून आमच्या घरी पोरांच्या तोंडाला मशेरी लागलेली नाही.

एक दाढ काढावीच लागली. मागून येणाऱ्या दाढेची जागा बुजू नये म्हणून तारेचं कडं कुठे बसवून मिळेल, तेही तुम्ही कागदावर लिहून दिलंत. दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. तोवर पोरीने चावायचं कशाने, याचा विचारच आम्ही केला नव्हता. बाकीच्या किडलेल्या दातांना तुम्ही चांदीचं औषध लावलंत आणि ते काळे पडले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही म्हणालात, "काळा आणि टणक डाग म्हणजे कीड थांबली. पिवळा, मऊ डाग वाढत जातो."

पण मला सर्वांत जास्त आभार मानायचे आहेत ते धाकट्यासाठी. त्याला काही दुखत नव्हतं, त्याला दाखवायला आणलंही नव्हतं. तुम्ही माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसलात, त्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलंत आणि अंगठ्याने वरचा ओठ उचललात. हिरडीला लागून समोरच्या दातांवर खडूसारखी पांढरी रेघ होती. रोज त्याचे मुके घेणाऱ्या मला ती कधी दिसली नव्हती. "कीड अशी सुरू होते, आणि या टप्प्यावर ती मागे फिरते," हे तुमचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात.

मग तुम्ही विचारलंत, रात्री बाटली तोंडात ठेवून झोपतो का? झोपत होता, साखर घातलेल्या दुधाची. दातात अळी वगैरे काही नसते, तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात आणि ते दात विरघळवतं, लाळ हळूहळू ते धुऊन काढते पण झोपेत लाळच कमी सुटते, हे तुम्ही इतकं सोपं करून सांगितलंत की संध्याकाळी सासूबाईंनी ते शेजारणीला समजावलं. गोड किती खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं ते जास्त नडतं, हेही. आमच्याकडे चहात बुडवलेलं बिस्कीट तासातासाला चालायचं, लाळेला उसंत मिळणार कधी?

बाटली एकदम तोडू नका म्हणालात. आधी साखर बंद केली, मग रोज दुधात थोडं थोडं पाणी वाढवत आठवडाभरात नुसतं पाणी. तीन रात्री तो फार रडला, मीही रडले. चौथ्या रात्री झोपला. आता दूध पेल्यातून, आणि त्यानंतर ब्रश. फ्लोराइडची पेस्ट त्याला तांदळाच्या दाण्याएवढी, तिला वाटाण्याएवढी, हे माप तुम्ही माझ्या तळहातावर काढून दाखवलं होतं. तिसरं वर्ष ओलांडल्यावर त्यालाही वाटाण्याएवढी सुरू केली. अजूनही रात्री दोघांना आळीपाळीने मांडीवर आडवं घेऊन मीच घासते, कारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचा हात नीट वळत नाही असं तुम्ही म्हणाला होतात.

धाकट्याची पांढरी रेघ पुसट झाली आहे. ओठ उचल म्हटलं की तो स्वतःच बोटाने उचलतो.

आणि लेकीच्या खालच्या जबड्यात, शेवटच्या दुधाच्या दाढेच्याही मागे, काहीतरी पांढरं डोकावतंय. एकही दात न पडता मागून येणारी सहा वर्षांची दाढ, जी जन्मभर टिकवायची आहे, ती हीच ना? तिच्या खाचा बुजवायच्या असतात असं तुम्ही सांगून ठेवलं होतं. येत्या मंगळवारी दोघांनाही घेऊन येते. सासूबाईही येतो म्हणाल्यात.

तुमची ऋणी,
दोन लेकरांची आई