आधी शेवट शिक, ओपनिंग नंतर

प्रिय मित्रा,

तू बुद्धिबळ शिकायला घेतलंस हे वाचून इतका आनंद झाला म्हणून सांगू! पहिली ओपनिंग (म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या खेळ्या) कुठली पाठ करू, इटालियन की सिसिलियन, असं विचारलंयस ना, तर सध्या कुठलीच नको. खरंच सांगतो, दोन महिने ओपनिंगचे व्हिडिओ बघूच नकोस. समोरचा तिसऱ्या-चौथ्या खेळीलाच काहीतरी वेगळं खेळतो आणि पाठ केलेलं सगळं तिथेच संपतं. तू शेवटापासून सुरुवात कर, म्हणजे पटावर तीन-चार मोहरी उरलीत, आता काय, इथून.

नियम तुला बरेचसे येतात, हत्ती सरळ, उंट तिरका, घोडा अडीच घरं, वजीर सरळ पण आणि तिरका पण. फक्त आपण लहानपणी घरी जसं खेळायचो ते थोडं विसर. तेव्हा प्यादं कायम एकच घर चालायचं, आता पहिल्या खेळीला हवं तर दोन घरं चालतं. आणि पट मांडताना उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर आलं पाहिजे, वजीर आपापल्या रंगाच्या घरात, हे एकदा बघून घे. कॅसलिंगच्या (राजा हत्तीकडे दोन घरं सरकतो आणि तो हत्ती राजाच्या पलीकडे येतो, एकाच खेळीत) अटी मात्र नीट लक्षात ठेव कारण सगळे नवीन लोक तिथे अडकतात: राजा आणि तो हत्ती आधी हललेला नको, मधली घरं रिकामी हवीत, राजाला शह असताना करता येत नाही आणि राजा ज्या घरावरून जातो किंवा जिथे पोचतो तिथेही कोणाचा मारा नको.

आता मुख्य गोष्ट. घरांची नावं अशी: पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या रांगा ए ते एच, त्याच्या बाजूने आडव्या १ ते ८. पट काढ आणि पांढरा राजा ई६ वर, पांढरं प्यादं त्याच्या मागे ई५ वर, काळा राजा ई८ वर ठेव. बाकी काही नाही. ही पांढऱ्याची जिंकलेली पोझिशन आहे, खेळी कोणाची का असेना, कारण राजा प्याद्याच्या पुढे आहे आणि तोच प्याद्याला शेवटच्या रांगेत जाऊन वजीर व्हायची वाट मोकळी करून देतो. आता फक्त अदलाबदल कर, प्यादं ई६ वर, पांढरा राजा त्याच्या मागे ई५ वर, काळा राजा ई७ वर, खेळी पांढऱ्याची. तीच तीन मोहरी, पण आता काळा बरोबरी साधतो! समज पांढरा राजा डी५ वर गेला, तर काळ्याने सरळ मागे ई८ वर जायचं, डी८ किंवा एफ८ वर नाही. पांढरा डी६ वर आला की काळा डी८, म्हणजे दोन्ही राजे समोरासमोर, मध्ये एक घर. याला ऑपोझिशन म्हणतात आणि ज्याच्यावर खेळी असते तो अडचणीत येतो. पांढऱ्याने प्यादं ई७ वर ढकलून शह दिला की काळा ई८ वर, आता प्यादं वाचवायला पांढऱ्याला राजा ई६ वर आणावाच लागतो आणि झालं स्टेलमेट. काळ्याला शह नाही पण चालायला घरही नाही, डाव बरोबरीत. हे हाताने मोहरी हलवून कर हं, नुसतं वाचून नाही कळत. (अगदी कडेच्या प्याद्याचं गणित वेगळं असतं, ते नंतर.)

तुला वाटेल हे एवढंसं काय. अरे, २०२४ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप यावर ठरली! सिंगापूरला आपला गुकेश आणि तेव्हाचा जगज्जेता, चीनचा डिंग लिरेन, यांचा १४ वा, शेवटचा डाव, दोघांचे साडेसहा-साडेसहा पॉइंट. गुकेशकडे एक प्यादं जास्त होतं, पण दोघांकडे एकेक हत्ती आणि एकेक उंट असल्यामुळे सगळ्यांना बरोबरीच दिसत होती. ५५ व्या खेळीला डिंगने हत्ती एफ२ वर आणला, हत्तींची मारामारी झाली (दोघांनी एकमेकांचा हत्ती मारला), आणि त्याचा उंट पार कोपऱ्यात ए८ वर होता म्हणून गुकेशने आपला उंट डी५ वर आणून तीही मारामारी करायला लावली. उरले दोन राजे आणि प्यादी, पुढच्या दोन-तीन खेळ्यांत डिंगने डाव सोडला, आणि गुकेश १८ व्या वर्षी जगज्जेता. म्हणजे मारामारी करायची की नाही हे कशावर ठरतं तर नंतर जे उरेल ते जिंकलेलं आहे की बरोबरीचं, आणि ते कळायला शेवट आला पाहिजे. म्हणून मी एवढा मागे लागतोय तुझ्या.

प्याद्यांनंतर एका हत्तीने मात करायला शिक. काळा राजा ई८, पांढरा राजा ई६ आणि हत्ती एच१ वरून एच८ वर आला की मात, पुढची तिन्ही घरं आपल्या राजाने अडवलेली असतात. राजे समोरासमोर आणायची तीच युक्ती परत.

ओपनिंगसाठी सध्या एवढं बास: मधली प्यादी पुढे, घोडे-उंट बाहेर, लवकर कॅसलिंग, वजीर उगाच आधी काढायचा नाही. तू काळा असताना आणि ई५ वर प्यादं काढलेलं असताना ऑनलाइन बरेच जण वजीर एच५ आणि उंट सी४ वर आणून एफ७ वर चार खेळीत मात करायला बघतील, तेव्हा वजीर आल्या आल्या घोडा सी६ वर काढ म्हणजे ई५ चं प्यादं वाचतं, मग उंट आला की जी६ खेळून वजिराला हाकल, तो एफ३ वर जाऊन परत धमकी देईल तेव्हा दुसरा घोडा एफ६. संपला त्यांचा खेळ.

लीचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर अकाउंट काढ, फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि तीन मिनिटांचे डाव अजिबात नको, पंधरा मिनिटांचे खेळ, विचार करायला वेळ मिळाला तरच शिकशील. वरची दुसरी पोझिशन काळ्या बाजूने कॉम्प्युटरसमोर लाव, सलग बरोबरीत सुटायला लागली की मला कळव, मग दोन्हीकडे दोन-दोन प्यादी असलेली एक पाठवतो, रविवारी फोनवर ती सोडवू.

तुझाच,
मित्र