उशिरा आणि कमी दाबाने

ती. सिस्टर यांस,
सा. न. वि. वि.

स्ट्रोक, म्हणजे पक्षाघाताचा झटका, येऊन गेल्यावर बाबा घरी आले त्याला तीन महिने झाले. एवढ्यात तुम्ही चार वेळा वर येऊन गेलात. दर वेळी मी चहा टाकला, आणि आभार मानायचे राहिले. समोर बोलायला गेलं की माझा गळा भरून येतो. म्हणून लिहिते आहे, आणि मुद्दाम उघड लिहिते आहे. त्या सकाळी तुम्ही जे केलंत ते कोथरूडमधल्या घराघरात कळायला हवं.

तो गुरुवार होता. महापालिकेची पाणी बंदची सूचना आली होती, म्हणून बाबांनी बुधवारी रात्री साडेअकराला बादल्या भरल्या, "उद्या एकेकाला एकच बादली" असं आईला बजावलं आणि झोपले. सकाळी सहाला आई उठवायला गेली तर तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात लुळा, बोलणं बंद. मी बीपीचं मशीन लावलं, १९६/१०४. ते आकडे बघूनच माझे हातपाय गळाले. त्यांची बीपीची गोळी मी पाकिटातून काढलीसुद्धा, आई पाण्याचं भांडं घेऊन उभी होती. तेवढ्यात आमचा आरडाओरडा ऐकून तुम्ही तळमजल्यावरून आलात.

गोळी तुम्ही माझ्या हातातून काढून घेतलीत. "गिळता येतंय का ते तरी माहीत आहे का तुला? आणि बीपी आत्ता उतरवायचं नाही." ॲस्पिरिन देऊ का विचारलं, तर त्यालाही नाही म्हणालात. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आहे की रक्तस्राव झाला आहे, हे सीटी स्कॅन केल्याशिवाय कुणालाच कळत नाही. मग आईला विचारलंत, "उठले कधी ते नको. शेवटचे नीट बोलले कधी, ते सांगा." आईने बादल्यांचं सांगितलं, आणि तुम्ही भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेन्सिलीने ११.३० लिहिलंत. तो आकडा अजून तसाच आहे.

निघायच्या आधी तुम्ही मला फोन करायला लावलात. सीटी लगेच होईल का, गुठळी काढणारे डॉक्टर आहेत का, हे विचार म्हणालात. जवळच्या रुग्णालयातून उत्तर आलं, सीटीचा माणूस नऊला येतो. आम्ही तिथेच जाणार होतो, सिस्टर. तुमच्यामुळे ॲम्ब्युलन्स नळस्टॉपवरून पुढे गेली.

त्यानंतरचं तुम्हाला मी नीटसं कधी सांगितलंच नाही.

गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आमचे आठ तास होत आले होते. वेळ निघून गेली असंच मी धरून चालले होते. पण डॉक्टरांनी सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी, केली आणि मला पडद्यासमोर नेलं. मेंदूच्या डाव्या बाजूची मोठी धमनी मध्येच तुटल्यासारखी दिसत होती. पुढच्या चित्रात मात्र तिच्या पलीकडे बारीक फांद्या उमटल्या. मेंदूच्या पृष्ठभागावर पुढच्या आणि मागच्या धमन्यांची टोकं या धमनीच्या टोकांना जोडलेली असतात. मोठी वाट बंद झाली की त्या जोडांमधून रक्त उलटं येऊ लागतं. "उशिरा येतंय, दाबही कमी आहे, पण येतंय," डॉक्टर म्हणाले.

मला त्या क्षणी पालिकेची सूचना आठवली. गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने. आणि तुम्ही गोळी का काढून घेतलीत ते लख्ख कळलं. कमी दाबाच्या दिवशी आपल्या वरच्या मजल्यांना जेमतेम धार येते. त्यात कुणी खालचा व्हॉल्व्ह आवळला तर तीही थांबते. बाबांचं चढलेलं बीपी ते रक्त आडवाटांनी पुढे रेटत होतं. गुठळीच्या स्ट्रोकमध्ये इंजेक्शन द्यायचं किंवा गुठळी ओढून काढायची नसेल तर २२०/१२० पर्यंतचं बीपी सहसा लगेच खाली आणत नाहीत, हे मला तिथे समजलं. रक्तस्राव असेल तर हिशोब उलटा होतो. म्हणून ते ठरवायची जागा रुग्णालय, आमचं स्वयंपाकघर नव्हे.

मोठी धमनी बंद पडली की सरासरी मिनिटाला १९ लाख पेशी मरतात, असं म्हणतात. ही झाली सरासरी. आडवाटा चांगल्या असतील तर हे मरण बरंच हळू चालतं. बाबांच्या मेंदूत मधला छोटा भाग गेला होता. भोवतालचा मोठा भाग काम थांबवून, पण जिवंत, वाट बघत पडला होता. त्याला पेनम्ब्रा म्हणतात, ग्रहणातल्या उपच्छायेचा तोच शब्द. २०१८ साली 'डॉन' आणि 'डिफ्यूज-३' या चाचण्यांचे निष्कर्ष छापून आले. असा जिवंत भाग शिल्लक असलेल्या निवडक रुग्णांमध्ये एकीत १६, तर दुसरीत २४ तासांपर्यंत गुठळी बाहेर काढून फायदा झाल्याचं त्यांत दिसलं. तुम्ही निवृत्त झालात त्यानंतरची ही गोष्ट. बाबांच्या जांघेतल्या धमनीतून नळी वर नेली आणि जाळीत धरून गुठळी ओढून काढली. तुरीच्या दोन डाळींएवढी होती. तेवढ्याने आमचं घर बंद पडलं होतं.

या आडवाटा सगळ्यांना सारख्या मिळत नाहीत. काही उपजत असतात, वयाने आणि जुन्या रक्तदाबाने त्या झिजतातही. मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडंही असतं. थॉमस विलिस यांनी १६६४ साली त्याचं वर्णन केलं, पण तेही पुष्कळांमध्ये अपुरं असतं. बाबांचे जोड चांगले निघाले, हे आमचं नशीब. पण ते जोड काही तासच धरून ठेवतात, कायमचे नाहीत. ते तास आमच्याच हातून वाया जाणार होते, आणि तुम्ही ते जाऊ दिले नाहीत. सिस्टर, याचे आभार कसे मानायचे ते मला खरंच कळत नाही.

बाबा आता बोलतात. चमच्याला कधी किल्ली म्हणतात, मग स्वतःच थांबून योग्य शब्द शोधतात. शर्टाचं वरचं बटण अजून आई लावते. बुधवारच्या बादल्या पुन्हा त्यांनीच भरायला घेतल्या आहेत, अर्ध्या अर्ध्या.

हे पत्र तेच घेऊन खाली येतील. डावा हात कठड्यावर आणि पत्र उजव्या हातात, असं त्यांनी ठरवलं आहे. जिना उतरायला वेळ लागेल. दारावरची बेल वाजली की लगेच उघडू नका, पत्र नीट धरून उभं राहायला त्यांना जरा वेळ द्या.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची