स्कोन मळायचे नसतात: पुरवणीतली कृती दुरुस्त करावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीच्या सकाळी घरी स्कोन, म्हणजे इकडे चहाबरोबर खातात ते छोटे, गोल, फुगीर पाव, करण्याची पाककृती आली होती. मी इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यात राहते, पण आपला अंक रोज सकाळी चहाबरोबर फोनवर वाचते. ती कृती वाचताना मला खटकली होती. तेव्हाच लिहायला हवं होतं, ते राहून गेलं. सांगलीला माझ्या धाकट्या बहिणीने ती शब्दन्‌शब्द पाळून स्कोन केले, मला व्हिडिओ कॉल लावला आणि एक स्कोन उचलून ओट्याच्या कडाप्प्यावर आपटून दाखवला. टक्‌कन आवाज आला. "ताई, तुमच्याकडे हे खातात सकाळी उठून?"

अर्धा किलो मैदा, लोण्याची अख्खी वडी आणि सुट्टीची सकाळ वाया गेली, याचं तिला फारसं काही नव्हतं. ओव्हन बिघडला असणार असं समजून ती तो दुरुस्तीला टाकायला निघाली होती. आणि "मला बेकिंग जमतच नाही" हे तिने माझ्यासमोर दोनदा म्हटलं. दिवाळीला एकटी दीडशे करंज्या करते, त्यातली एक तेलात फुटू देत नाही, ती बाई आपल्या हाताला दोष देत होती. ते मला सहन झालं नाही, म्हणून हे पत्र.

कृती इंग्रजीतून उतरवून घेतलेली दिसते. मूळ कृतीत बहुधा सेल्फ-रेझिंग फ्लोअर असणार. इकडे दुकानात ते पीठ साध्या मैद्याच्या शेजारीच ठेवलेलं असतं आणि त्यात बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते. ब्रिस्टलच्या हेन्री जोन्सने १८४५ साली त्याचं पेटंट घेतलं, आणि आज इथल्या कुठल्याही घरात स्कोन म्हटलं की हात त्याच पिशवीकडे जातो. आपल्या पुरवणीत त्याचं भाषांतर 'मैदा' झालं आणि बेकिंग पावडरचा उल्लेखच राहिला नाही. मग स्कोन फुगणार कशाने? २२५ ग्रॅम मैद्याला तीन सपाट चहाचे चमचे बेकिंग पावडर लागते. ती मैद्यात घालून दोनदा चाळून घ्यायची, म्हणजे सगळीकडे सारखी पसरते.

पावडरची चूक एका ओळीत दुरुस्त होईल. मला जास्त बोलायचं आहे ते एका क्रियापदाबद्दल. कृतीत लिहिलं आहे: "मऊ लोणी घालून पीठ पंधरा मिनिटे चांगले मळून घ्यावे, अर्धा तास झाकून ठेवावे, नंतर लाटून वाटीने गोल कापावे." ही पोळीची कृती झाली. इंग्रजी कृतीत जो शब्द असतो त्याचा शब्दकोशातला अर्थ 'मळणे' असेलही, पण स्कोनच्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच, की पीठ पाच-सहा वेळा हलक्या हाताने आवळून गोळा जमवायचा. मराठी बाईला तुम्ही 'चांगले मळून घ्या' म्हणालात की ती परातीसमोर बसणार, मुठीने पीठ दाबणार, तिंबणार, गोळा गुळगुळीत आणि लवचिक होईपर्यंत थांबणार नाही. तसं शिकवलेलंच असतं आम्हाला. त्या मळण्याने पिठाला चिवटपणा येतो. पोळीला, पुरणपोळीला तोच हवा असतो. स्कोनला तो आला की संपलंच.

हे मी स्वतः शिकले १९९७ च्या हिवाळ्यात, लग्न होऊन इकडे आल्यावर चार महिन्यांनी. शेजारी एक आजीबाई राहत होत्या, शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात ओव्हन म्हणजे लोखंडाची मोठी शेगडीच, दिवसभर धगधगत असलेली. त्यांनी आधी बोटातली अंगठी काढून खिडकीतल्या बशीत ठेवली. लोण्याचे बारीक तुकडे मैद्यात टाकले आणि मला म्हणाल्या, तू कर. मी सवयीने तळव्याने रगडायला लागले. त्यांनी माझी दोन्ही मनगटं धरली आणि सरळ वर उचलली. तळवा लावायचाच नाही. तळवा गरम असतो, बोटांची टोकं थंड. चिमटीत मैदा आणि लोणी घ्यायचं, अंगठ्याने पुढच्या दोन बोटांवर हलकं चोळायचं आणि परातीच्या वितभर वरून खाली सोडायचं. पुन्हा घ्यायचं, पुन्हा सोडायचं. खाली पडताना त्यात हवा मिसळते. पाच मिनिटांत मैदा रव्यासारखा रवाळ दिसायला लागतो, आणि मधेच एखादा मुगाएवढा लोण्याचा कण राहिला तर राहू द्यायचा.

तेव्हा मला आईचं शंकरपाळ्यांचं मोहन आठवलं. कडकडीत तूप मैद्यावर ओतायचं, चोळायचं, मुटका वळतो का पाहायचं. मोहनाचं तूप पिठाच्या कणाला चिकटलं की पाणी आत शिरायला अडखळतं, पीठ चिवट होत नाही आणि शंकरपाळी खुसखुशीत होते. स्कोनमध्ये लोणी तेच काम करतं. फरक एवढाच की इथे मोहन थंड असायला हवं. जे कण तसेच राहतात ते ओव्हनच्या आचेत एकदम वितळतात, लोण्यात थोडं पाणी असतंच, त्याची वाफ होते आणि ती वाफ पीठ वर उचलते. आपल्या कृतीत 'मऊ लोणी' लिहिलं आहे. सांगलीच्या उन्हाळ्यात मऊ लोणी म्हणजे जवळजवळ पातळ लोणी. ते पिठात पूर्ण मुरून जातं, वाफेला जागाच उरत नाही.

चोळणे, कालवणे, आवळणे, थापणे. स्कोनला लागणारी सगळी क्रियापदं आपल्या स्वयंपाकघरात रोजची आहेत. लोणी चोळायचं. दूध घातल्यावर सुरीच्या पात्याने कालवायचं, भाकरीच्या पिठासारखं नाही, दडपे पोहे कालवतो तितक्या अलगद. हाताला थोडं चिकटेल इतकं सैलच राहू द्यायचं. ओट्यावर मैदा भुरभुरून त्यावर गोळा ठेवायचा, आवळायचा आणि थापायचा. लाटणं कपाटातून बाहेर काढायची गरज नाही. थर तीन सेंटिमीटर जाड हवा. पुरवणीतल्या फोटोत स्कोन बोटभर उंच आहेत आणि कृतीत 'पुरीएवढे जाड' लिहिलं आहे, हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

अर्धा तास झाकून ठेवणं तर उलट नुकसान करतं. बेकिंग पावडर ओली झाल्या क्षणापासून कामाला लागते. म्हणून ओव्हन आधी तापवायचा, २२० अंशांवर, आणि मगच दुधाला हात लावायचा. आपण १८० अंश आणि पंचवीस मिनिटं दिली आहेत. त्या आचेवर स्कोन फुगण्याआधी वाळतो. २२० वर बारा ते पंधरा मिनिटांत तो उंच होतो, वरून सोनेरी होतो आणि मध्यावर आडवी भेग पडते. त्या भेगेतून तो हाताने उघडायचा असतो, सुरी लावायची नसते.

कापण्याबद्दल एक गोष्ट. वाटी चालते, धारेची असेल तर उत्तम. मैद्यात बुडवायची, सरळ खाली दाबायची, सरळ उचलायची. फिरवली की कडेचे थर एकमेकांना चिकटून बंद होतात आणि स्कोन एका बाजूला कलतो. वरून दुधाचं बोट फिरवताना ते कडेने ओघळू द्यायचं नाही, त्याचंही कारण हेच.

माप सांगते, कारण कृती दुरुस्त करायची तर ते लागेल. मैदा २२५ ग्रॅम, बेकिंग पावडर वर सांगितली तेवढी, लोणी ५५ ग्रॅम, बारीक साखर २५ ग्रॅम, दूध १५० मिलिलिटर, तेही सगळं एकदम न ओतता. भारतात मिळणारं वडीचं लोणी बहुधा खारं असतं, तेव्हा वेगळं मीठ नको. लोणी अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून किसणीवर किसलं की उन्हाळ्यातही जमतं. दुधात एक चमचा लिंबाचा रस घालून ते जरा फाटू द्यायचं, त्याने स्कोन हलके होतात.

अंडं नाही. आपल्या कृतीत दोन अंडी आहेत. काही जण घालतात, चूक नाही, पण ती अत्यावश्यक असल्यासारखी छापल्यामुळे कितीतरी घरांनी पान उलटलं असेल. बेकिंग पावडरची गोष्टच मुळी पथ्यातून सुरू झाली आहे. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याच्या बायकोला अंडी चालत नसत आणि यीस्टही चालत नसे. तिच्यासाठी त्याने १८३७ मध्ये बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली आणि १८४३ मध्ये बेकिंग पावडर. आपल्याकडे पाहुणे आले की फ्रूट कस्टर्ड करतात ते त्याच पावडरीचं. आजारी बायकोला घरचं काहीतरी खाता यावं म्हणून केलेली खटपट सांगलीच्या फळीवर येऊन बसली आहे, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

ओव्हन नसलेल्या वाचकांचा कृतीत विचारच नाही. स्कोन मूळचा स्कॉटलंडचा, आणि तिथे तो जाड लोखंडी तव्यावर भाजत. त्यासाठी पीठ दीड सेंटिमीटर जाडच थापायचं, गोलाचे चार भाग करायचे आणि बिडाच्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिनिटं भाजायचे. त्यांचंच आणखी एक भावंड सैल पिठाचं, तव्यावर चमच्याने घालायचं, आपल्या जाड धिरड्यासारखं. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर १९५९ मध्ये बालमोरलला गेले तेव्हा एलिझाबेथ राणीने त्यांना तेच खिलवलं आणि पुढच्या जानेवारीत पत्र लिहून कृती कळवली. तवा तर सगळ्यांकडे असतो.

नावाचं म्हणाल तर 'स्कोन' आणि 'स्कॉन' दोन्ही उच्चार इथे चालतात. स्कॉटलंडात 'स्कॉन'च म्हणतात. तिथे आपण चुकलेला नाहीत.

फोटोत मात्र फेटलेल्या क्रीमचा डोंगर होता. इथे लावतात ते क्लॉटेड क्रीम, आणि ते फेटायचं नसतंच. सकस दूध किंवा त्याची मलई पसरट भांड्यात मंद आचेवर तासन्‌तास तापवायची, मग हलवाहलव न करता गार होऊ द्यायची. वर जाड पिवळसर थर जमतो. आपल्या वाचकांना त्यासाठी नवा शब्द शिकवायला नको, ही साय आहे. इकडचं दाट जास्त, कॉर्निश क्लॉटेड क्रीम या नावाने विकायचं तर त्यात निदान ५५ टक्के स्निग्धांश लागतो. पण म्हशीच्या दुधाची दोन दिवसांची साय त्याच्या जवळ जाते. ती स्कोनवर आधी लावायची आणि वर जॅम, ही आमची डेव्हनची रीत. टेमार नदी ओलांडून कॉर्नवॉलमध्ये गेलं की आधी जॅम, मग साय. मला विचाराल तर गरम स्कोनवर सायच आधी हवी, लोण्याच्या जागी.

इंग्लंडात हा पदार्थ तसा चारच्या चहाचा. आमच्या घरी तो रविवारच्या न्याहारीचा झाला, कारण माझ्या मुलांना पोह्यांच्या आधी काहीतरी हातात हवं असायचं. त्यांच्यासाठी साखर वगळून १०० ग्रॅम किसलेलं चेडर, चिमूटभर तिखट आणि मोहरीची पूड घालायचे. चेडर हे गाव शेजारच्याच सॉमरसेट परगण्यातलं. भट्टीतून ताट काढलं की चीजचे कडेला सांडलेले कुरकुरीत तुकडे आधी संपायचे. दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका एवढं जरूर छापा. स्कोन ज्या सकाळी केला त्याच सकाळी चांगला.

बहिणीने परवा पुन्हा केले. मी कॉलवर होते, पण एकदाच बोलले, "हात वर घे." तिने बांगड्या मागे सरकवल्या आणि चिमटीतला मैदा वरून सोडला, अगदी त्या आजीबाईंसारखा. चौदा मिनिटांनी तिने ओव्हनची काच पुसून मला आत दाखवलं: आठ स्कोन, प्रत्येकाच्या मध्यावर भेग. साय आणि घरचा गुळांबा लावून खाल्ले सगळ्यांनी.

कृपया ही दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच पानावर, पूर्ण मापांसह छापावी. शाळांना सुट्ट्या लागायच्या आत आली तर बरं होईल, कारण बहिणीच्या गल्लीतल्या आणखी दोघींनी ते जुनं कात्रण फ्रिजवर चिकटवून ठेवलं आहे.

आपली नियमित वाचक,
डेव्हन, इंग्लंड