गोविंदा पडला की त्याला उचलू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुरुपौर्णिमा झाली की आमच्या ठाण्यात रोज रात्री थरांची प्रॅक्टिस सुरू होते, तेव्हाच हे छापलं तर उपयोग होईल, गोपाळकाल्याच्या दुसऱ्या दिवशी छापून काय फायदा. २०२२ मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, विम्याचंही झालं, चांगलंच आहे. पण वरून पोरगा पडला की आजही चारजण धावतात, दोघे काखेत हात घालतात, दोघे पाय धरतात, आणि "उठ रे काय नाय झालं" म्हणत त्याला बसवून तोंडावर पाणी मारतात. नाहीतर सरळ बाईकवर दोघांच्या मधे बसवून दवाखान्यात, मान इकडून तिकडे हलतेय!

अहो मणका नुसता तडकला असेल तर आतली नस अजून शाबूत असू शकते, आणि असं उचलल्यावर तीच दबते न् पोरगा कायमचा लुळा पडू शकतो. म्हणून मान किंवा पाठ दुखतेय, हातापायाला मुंग्या येतायत, बोटं हलत नाहीयेत असं काहीही असलं की आहे तिथेच राहू द्या आणि १०८ ला फोन करा. एकाने डोक्याशी गुडघ्यावर बसून कोपरं जमिनीला टेकवून दोन्ही हातांनी डोकं आहे तसंच धरायचं, अँब्युलन्सवाले येईपर्यंत सोडायचं नाही. पाणी पाजू नका. उलटी होत असेल तर तीन-चार जणांनी डोकं, मान, पाठ एकदम एका रेषेत ठेवून कुशीवर वळवायचं. श्वासच बंद असेल तर मात्र मणक्याचा विचार नंतर, आधी छाती दाबायला घ्या.

मडक्याच्या खापरीने कापलं की त्यावर हळद, कॉफी, टूथपेस्ट काय काय थापतात, डॉक्टरला आधी तेच खरवडत बसावं लागतं. साध्या जखमेला वाहत्या पाण्याने धुवा, स्वच्छ फडकं दहा मिनिटं दाबून धरा, थांबलं का थांबलं का म्हणून मधे उचलून बघू नका. भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. खापरी आत रुतली असेल तर उपटू नका, बाजूने दाबा आणि दवाखाना गाठा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारून घ्या.

माझं म्हणणं एवढंच, मंडळं टी-शर्ट आणि डीजेवर एवढा खर्च करतात, त्यात एक स्पाइन बोर्ड (जखमीला न वाकवता आडवं न्यायची कडक फळी) येईल की. आणि प्रत्येक पथकातल्या निदान दोघांना हे शिकवल्याशिवाय आयोजकांनी त्यांना थर लावू देऊ नये.

आपला,
एक माजी गोविंदा (खालच्या थरातला), ठाणे