शनिवारची बैठक : माधव जूलियन

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या शनिवारी संध्याकाळी ५.३० वाजता दादरला नेहमीच्या जागी जमायचं आहे. मेगाब्लॉक रविवारी असतो, त्यामुळे ती सबब चालणार नाही!

या वेळी कवी माधव जूलियन. ते १९३९ च्या नोव्हेंबरात गेले आणि ‘मधुलहरी’ हे कवितांचं पुस्तक १९४० साली, त्यांच्या पश्चात आलं. ज्यांच्याकडे जुनी प्रत असेल त्यांनी आणावी, पानं सुटी झाली असली तरी चालेल. नसेल तर ‘गज्जलांजलि’मधल्या गज्जला (गझलांना ते गज्जल म्हणत) किंवा ‘तुटलेले दुवे’मधली सुनीतं (चौदा ओळींच्या कविता) वाचून या.

‘छंदोरचना’ या त्यांच्या वृत्तांवरच्या ग्रंथाची धास्ती घेऊ नका. मीही कॉलेजात घेतली होती. सुरुवात ‘प्रेमस्वरूप आई’पासून करा. सगळ्यांना पाठ आहे, पण मात्रा मोजल्यात कधी? गागालगालगागा (गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघू), तेच दोनदा : हे आनंदकंद वृत्त. ‘प्रेम’मधला ‘म’ पुढच्या ‘स्व’मुळे गुरू होतो, तिथे बोट ठेवून म्हणून पाहा. डोळे भरून येतात ती ओळ इतकी काटेकोर बांधलेली आहे, हे कळल्यावर मला तरी ती जास्तच आवडू लागली.

फारसीचा हा प्राध्यापक पुढे भाषाशुद्धीचा, म्हणजे मराठीतून परके शब्द काढण्याचा, कैवारी कसा झाला, यावर वाद होणारच. घाला. मराठी गझल त्यांच्यापासून सुरेश भटांपर्यंत किती बदलली, तेही बोलू. मला त्यांच्या गज्जला थोड्या कोरड्या वाटतात. कुणी खोडून काढलं तर बरंच वाटेल.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावं, चहा-बटाटेवड्यांचा अंदाज लागतो. गेल्या खेपेला सहा वडे कमी पडले.