‘सलग’ नव्हे, दोन, पाच आणि चार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला सांगोला विधानसभा मतदारसंघावरचा पानभर लेख वाचला. छायाचित्रे उत्तम आहेत. मजकूर, चौकट आणि तक्त्याबद्दल तसे म्हणवत नाही.

‘भाई गणपतराव देशमुख सलग अकरा वेळा निवडून आले’ हे वाक्य लेखात तीनदा आहे. मथळ्याखाली, चौकटीत आणि शेवटच्या परिच्छेदात. अकरा हा आकडा बरोबर आहे, त्याबद्दल अभिनंदन. पण ‘सलग’ कुठून आणलेत? या तीन अक्षरांनी आपण 1972 सालचे काकासाहेब साळुंखे-पाटील आणि 1995 सालचे शहाजीबापू पाटील या दोन विजयी उमेदवारांना एका झटक्यात पाडलेत. त्यांनाही लोकांनीच निवडून दिले होते हो.

क्रम असा आहे. 1962 आणि 1967 जिंकले. 1972 हरले. काकासाहेबांच्या निधनाने जागा रिकामी झाली आणि 1974 च्या पोटनिवडणुकीत आबासाहेब, म्हणजे गणपतरावच, परत आले. मग 1978, 1980, 1985, 1990. पुढे 1995 मध्ये पराभव, आणि नंतर 1999, 2004, 2009, 2014. म्हणजे दोन, पाच आणि चार. बेरीज अकरा येते, पण ती तीन तुकड्यांची आहे. सलग म्हणायचेच असेल तर 1974 ते 1990 या पाच विजयांना म्हणा.

आपल्या तक्त्यात मात्र विजय दहाच मोजलेले आहेत. मजकुरात अकरा, तक्त्यात दहा, आणि दोन्ही एकाच पानावर! हे का झाले ते सांगतो, कारण ही चूक आपल्या एकट्याची नाही. निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल सार्वत्रिक निवडणुकांचे असतात. 1972 चा अहवाल उघडला की सांगोल्यासमोर काकासाहेबांचे नाव येते आणि पुढचा अहवाल थेट 1978 चा. मधली पोटनिवडणूक या दोन्हींत नाही, ती वेगळी शोधावी लागते. जो फक्त अहवाल लावून मोजतो त्याला दहा मिळतात. ज्याने आधीच अकरा ऐकलेले असते तो दहाचे अकरा करतो आणि वर ‘सलग’ चिकटवतो. शिवाय ती विधानसभा आणीबाणीमुळे पाचाऐवजी सहा वर्षे चालली, त्यामुळे 1977 मध्ये सांगोल्याची निवडणूक शोधत बसणारेही भेटतात.

ताळा करायला सोपा मार्ग आहे. निवडणुका मोजूच नका, विधानसभा मोजा. 1962 ची दुसरी, 2014 ची तेरावी. दुसरी ते तेरावी अशा बारा विधानसभा होतात. त्यांपैकी आबासाहेब फक्त नववीत, म्हणजे 1995 च्या विधानसभेत नव्हते. चौथीत ते उशिरा आले, पण आले. बारातून एक वजा केला की अकरा. याला दोन मिनिटे पुरतात.

‘54 वर्षे आमदार’ हेही असेच. 1962 ते 1972 ही दहा. 1974 ते 1995 ही एकवीस. 1999 ते 2019 ही वीस. झाली एक्कावन्न. त्यातून 1980 सालचे फेब्रुवारी ते जून हे राष्ट्रपती राजवटीचे महिने काटेकोर माणूस वजा करेल, मी तेवढा हट्ट धरत नाही. 2019 मधून सरळ 1962 वजा केले तर सत्तावन्न येतात. चोपन्न कोणत्याच हिशेबात बसत नाही. ‘आयुष्यभर विरोधी बाकावर’ हेही चूक. 1978 च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात ते मंत्री होते, 1999 मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीचे सरकार आले तेव्हाही होते. बहुतांश काळ विरोधात, एवढे लिहिले असते तरी त्यांचे मोठेपण उणे झाले नसते.

‘एकाच मतदारसंघातून निवडून येण्याचा देशातील विक्रम’ असेही छापले आहे. केरळमधल्या पाला मतदारसंघातून के. एम. माणी 1965 ते 2016 या काळात तेरा वेळा निवडून आले. त्यातली 1965 ची विधानसभा भरलीच नाही, म्हणून ती वगळायची तर वगळा, तरी बारा उरतात. पुथुपल्लीतून ओमन चांडी 1970 पासून 2021 पर्यंत बारा वेळा. करुणानिधी तेरा वेळा आणि एकदाही न हरता, पण मतदारसंघ बदलत. आपला विक्रम महाराष्ट्रापुरता लिहा, कोणी हरकत घेणार नाही.

आता 1995 कडे येतो, कारण खरा संताप तिथला आहे. ‘युतीच्या लाटेत आबासाहेबांचा पराभव झाला’ असे आपल्या लेखकाने लिहिले. पराभव काँग्रेसच्या उमेदवाराने केला! शहाजीबापू त्या वेळी काँग्रेसचे होते. राज्यात काँग्रेसची सत्ता जाऊन शिवसेना-भाजप युती आली आणि सांगोल्यात आबासाहेबांचा शेकाप (शेतकरी कामगार पक्ष) जाऊन काँग्रेस आली, हीच तर त्या निकालातली गंमत. शहाजीबापू 2019 मध्ये शिवसेनेकडून निवडून आले, म्हणून 1995 मध्येही ते शिवसेनेचेच असणार, असा तर्क कोणीतरी मागे चालवला. आजचा पक्ष जुन्या निकालाला लावला की असेच होते. लाटच हवी होती तर 1972 ची घ्यायची. तेव्हा काँग्रेसने 270 पैकी 222 जागा घेतल्या आणि सांगोलाही त्यातच गेले. ते वर्ष आपल्या लेखात नाहीच.

आणि 1995 चा फरक किती? 192 मते. लेखात ‘निसटता पराभव’ एवढेच. आकडा द्यायला जागा नव्हती, पण शेजारी अर्धा रकाना शहाजीबापूंच्या गाजलेल्या ‘काय झाडी, काय डोंगार’साठी राखून ठेवला होता. 192 म्हणजे 97 मतदारांनी इकडचे तिकडे केले असते तर निकाल फिरला असता. तेही कागदी मतपत्रिकांच्या काळात, जेव्हा शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर पडला, दोन ठिकाणी उमटला किंवा मतपत्रिकेवर ओळख पटेल अशी खूण सापडली, तर मत बाद होई. अशा शंकास्पद मतपत्रिका बाजूला काढल्या जात आणि एकेकीचा निर्णय निवडणूक निर्णय अधिकारी देई. घडी घालताना शाई ओली असली की शिक्क्याचा उलटा ठसा घडीच्या पलीकडे उमटे, तो बाद धरायचा नाही हे प्रतिनिधींना समजावण्यातच वेळ जाई. यंत्र आल्यावर हा सगळा प्रकार संपला. आता शंका उरते ती टपाली मतांत.

फेरमोजणीबद्दलही लेखात ‘मागणी का झाली नाही हे गूढच’ असे काहीसे आहे. गूढ कसले? नियम लिहिलेले आहेत. बेरजा जाहीर झाल्यावर उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने तिथल्या तिथे लेखी अर्ज द्यायचा, त्यात कारण लिहायचे. नुसता फरक कमी आहे हे कारण पुरेसे होत नाही. अधिकारी अर्ज पूर्ण किंवा अंशतः मान्य करतो, किंवा कारण नोंदवून फेटाळतो. एकदा नमुना 20, म्हणजे अंतिम निकालपत्रक, त्याने सही केले की ते दार बंद. मग उरते उच्च न्यायालयातली निवडणूक याचिका, निकालापासून 45 दिवसांत. अर्ज झाला की नाही हे माहीत नसेल तर ते शोधायचे, गूढ म्हणून सोडायचे नाही.

2019 चा निकाल आपण ‘ऐतिहासिक अटीतटीचा’ म्हटला. शहाजीबापू 99,464, डॉ. अनिकेत देशमुख 98,696, फरक 768. केंद्रे तीनशेच्या घरात धरली तर केंद्रामागे अडीच मते. अटीतटीचा खराच, पण याच मतदारसंघात 192 चा निकाल लागलेला असताना ‘ऐतिहासिक’ हा शब्द जरा जपून वापरायला हवा होता.

2024 च्या परिच्छेदात तर कळस आहे. ‘2019 मध्ये थोडक्यात हरलेले नातू अखेर जिंकले.’ संपादक महोदय, आबासाहेबांचे नातू दोन आहेत! 2019 ला लढले ते डॉ. अनिकेत, 2024 ला जिंकले ते डॉ. बाबासाहेब. दोघेही डॉक्टर आणि दोघेही देशमुख, त्यामुळे घोटाळा होतो हे कबूल. पण निकालाच्या यादीत पूर्ण नाव असते, तेवढे बघायचे. यादीत बाबासाहेबांच्या पुढे वडिलांचे नाव अण्णासाहेब आहे आणि जुन्या याद्यांत गणपतरावांच्या पुढेही अण्णासाहेबच आहे, म्हणून त्यांना भाऊ करू नका म्हणजे मिळवली. तिसऱ्या क्रमांकावरच्या दीपक साळुंखे यांची अनामतही आपण परस्पर जप्त करून टाकली. अनामत वाचायला वैध मतांचा एक षष्ठांशाहून अधिक वाटा लागतो. त्यांची मते 51 हजारांच्या आसपास. सहाने गुणले की तीन लाखांच्या वर जाते. तेवढे मतदान झालेच नव्हते, म्हणजे अनामत वाचली. आणि जी गोष्ट खरोखर लिहिण्यासारखी होती ती राहूनच गेली: आजोबांचा 2014 चा शेवटचा विजय आणि नातवाचा 2024 चा पहिला विजय, दोन्ही 25 हजारांवर, दोन्ही वेळा समोर शहाजीबापूच.

मतदारसंघ ‘1962 पासून जसाच्या तसा’ हेही काढून टाका. 1962 ला राज्यात 264 जागा होत्या, 1967 ला 270, 1978 ला 288. प्रत्येक वेळी हद्दी हलल्या. 2008 च्या पुनर्रचनेपासून सांगोला तालुक्याला पंढरपूर तालुक्यातले भाळवणी महसूल मंडळ जोडलेले आहे आणि लोकसभेला तो माढ्यात मोडतो. मतदारसंघाचा क्रमांक 253 हाही याच पुनर्रचनेतला, जुन्या अहवालात तो शोधू नये. भाळवणीच्या मतदाराला विचारा, तो 1995 मध्ये सांगोल्यात मतदान करत होता का.

जाता जाता एक. पूर्वी निकालाच्या दुसऱ्या दिवशी आपल्या अंकात जिल्ह्यातल्या प्रत्येक मतदारसंघाचा तक्ता येई: सगळे उमेदवार, पक्ष, मते, बाद मते. बारीक टाइपात असे, पण असे. आता विजेत्याचा गुलाल आणि मताधिक्य, संपले. हरलेल्याची मते हवी तर संकेतस्थळावर शोधा म्हणता. तिथल्या बातमीत मध्येच चपलांची जाहिरात येते. ते तक्ते कापून ठेवलेले असते तर कालचा लेख असा झालाच नसता.

शुद्धिपत्र छापणार असाल तर निविदा सूचनांच्या खाली दोन ओळींत नको. ‘सलग’ तीनदा छापले आहे, निदान एकदा तरी त्याच पानावर मागे घ्या.

आपला,
एक वर्गणीदार, सांगोला
(नाव-पत्ता आपल्या दप्तरी आहेच, छापू नये)