बाबा, दोऱ्याने पाइप मोजून ठेवा

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा सारखे विचारत होते, "अगं पण नक्की केलंस काय?" आणि मी "झालं हो सगळं नीट" म्हणून फोन ठेवून दिला. माझ्या घरातला पाण्याचा तांब्याचा पाइप चिरला होता, तो मी नुकताच स्वतः दुरुस्त केला होता, हात काळे झाले होते, फरशीवर पाणी होतं. आज निवांत बसून सगळं लिहिते, कारण यातलं निम्मं तुमच्या घरासाठी आहे. आई, पाइप जोडण्याचा भाग तू वगळलास तरी चालेल, पण मेन व्हॉल्व्हबद्दल, म्हणजे घरातलं सगळं पाणी बंद करणाऱ्या चावीबद्दल, लिहिलंय ते मात्र तू स्वतः वाच.

बाबा, तुम्हाला वाटलं तसा पाइप गारठ्याने फुटलेला नव्हता. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि तेव्हा पाइप बहुधा लांबीच्या दिशेने उसवतो, शेंग उकलावी तसा. माझ्याकडची चीर आडवी होती, केसाएवढी बारीक, वळणाच्या जरा अलीकडे. गेले कित्येक महिने नळ झटकन बंद केला की भिंतीकडून ठक्क असा आवाज यायचा. पाइप धरून ठेवणारी क्लिप निसटली होती आणि दर वेळी पाण्याच्या धक्क्याने पाइप हिसका खात होता. तांबं मऊ असतं खरं, पण तेच तेच वाकवत राहिलं की त्याच जागी कडक होतं आणि शेवटी तडकतं. तो आवाज मी वेळेवर मनावर घ्यायला हवा होता. तुमच्याकडे असा आवाज आला तर मला लगेच सांगा.

आधी मेन व्हॉल्व्ह बंद केला, मग गिझर बंद केला. टाकी रिकामी असताना गिझर चालू राहिला तर त्याची कॉइल जळते, म्हणून हे विसरायचं नाही. नंतर घरातला सगळ्यात खालचा नळ उघडला, वरचाही उघडला, म्हणजे हवा आत शिरून पाणी भराभर उतरतं. चिरेवर पट्ट्या किंवा लेप लावून भागवायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. रबराची पट्टी आणि वर क्लँप, हा रात्र काढण्यापुरता उपाय आहे. तडकलेला तुकडा कापून काढायलाच लागतो.

कापायला करवत वापरली नाही. छोटा गोल पाइप कटर मिळतो, त्यात पाइप धरायचा, पूर्ण फेरा फिरवायचा, मूठ किंचित आवळायची, पुन्हा फेरा. घाईने आवळलं तर पाइप चेपतो आणि मग त्यावर काहीच नीट बसत नाही. शेवटचा फेरा हाताला कळतो, एकदम हलकं लागतं आणि तुकडा हातात येतो. कापल्यावर आतल्या कडेला धार राहते, ती खरवडून काढायची.

मला डाखानेच, म्हणजे मऊ धातूची तार वितळवून, जोड द्यायचा होता. त्यासाठी आधी अंगणात जुन्या तुकड्यांवर सराव केला. पाइपाचं टोक पॉलिश पेपरने घासलं की काळपट थर जाऊन आतून गुलाबीसर, लखलखीत तांबं दिसतं. कपलिंग, म्हणजे पाइपाची दोन टोकं जोडणारी आखूड नळी, तीही आतून तशीच घासायची, दोन्हीकडे फ्लक्सचा, म्हणजे डाख नीट धरावा म्हणून लावायच्या लेपाचा, पातळ हात द्यायचा आणि बसवायचं. ज्योत धरायची ती कपलिंगवर, डाखाच्या तारेवर नाही. कपलिंग पुरेसं तापलं की तार नुसती टेकवली तरी वितळते आणि त्या बारीक फटीत आपोआप ओढली जाते, वरच्या दिशेलासुद्धा. आग खालून आणि डाख वरून, तरी सांध्याभोवती चांदीसारखी कडी गोल फिरून पूर्ण झाली. बाबा, ते बघायला तुम्ही हवे होतात. मी तोच प्रकार तीनदा केला, केवळ ती कडी उमटताना पाहावी म्हणून.

प्रत्यक्ष भिंतीशी मात्र डाख धरेचना. मागे आगरोधक चटई लावली होती, शेजारी पाण्याची बादली होती, नळ उघडे होते. बराच वेळ ज्योत धरली, तार टेकवली, तर तिचा गोळा होऊन खाली पडला. कारण शेवटी कानाने सापडलं. ज्योतीची टॉर्च बंद केल्यावर पाइपात बारीक चुर्र ऐकू येत होतं. मेन व्हॉल्व्ह पुरता बंद होत नव्हता आणि थेंब थेंब पाणी सांध्यापर्यंत पोचत होतं. माझ्या शिसं नसलेल्या डाखाला वितळून नीट धरायला सुमारे २३० अंश सेल्सिअस लागतात. पाइपात पाणी असलं की ते शंभराच्या आसपास उकळत राहतं आणि सगळी उष्णता वाफेबरोबर निघून जाते. तांबं वितळायला तर १०८५ अंश लागतात, म्हणजे पाइपाला भीती नव्हती, पण मागच्या लाकडाला होती. मी तिथेच थांबले. टॉर्च बाजूला ठेवल्यानंतरही तासभर अधूनमधून त्या कोपऱ्यावर हात फिरवून, वास घेऊन बघत होते, कारण लाकूड आतल्या आत धुमसू शकतं.

मग कॉम्प्रेशन कपलिंग आणलं. नवशिक्याने पहिल्यापासून हेच घ्यावं असं आता माझं ठाम मत झालंय. आगीची गरज पडत नाही आणि पाइपात थोडं पाणी असलं तरी अडत नाही. दोन्ही बाजूंना नट, आत एक पितळी कडी. नट आवळला की कडी पाइपावर दाबून बसते आणि पाणी अडतं. फक्त पाइपाचा तेवढा भाग गुळगुळीत हवा, आणि माझ्या दोन्ही टोकांवर डाखाचे पुटकुळे होते. ती टोकं पुन्हा कापली. अंतर वाढलं, त्यामुळे मध्ये नवा छोटा तुकडा आणि दोन कपलिंगं लागली. क्लिप सुटलेलीच होती, म्हणून पाइप जरा बाजूला ओढून तुकडा आत सरकवता आला. आधी नट, मग कडी, मग पाइप आतल्या थांब्याला टेकेपर्यंत. हाताने आवळून झाल्यावर एका पान्याने मधलं अंग धरलं आणि दुसऱ्याने नटाला साधारण एक फेरा दिला. याहून जास्त जोर लावला तर कडी वेडीवाकडी होते आणि चांगला सांधाही गळायला लागतो.

पाणी हळूहळू सोडलं, नळाची जाळी आधीच काढून ठेवली होती, आतला कचरा वाहून जाऊ दिला. गिझर भरून नळाला सलग धार आल्यावरच तो चालू केला. रात्री दोन्ही सांध्यांना कोरडा टिश्यू पेपर गुंडाळून झोपले. सकाळी दोन्ही कागद खडखडीत कोरडे! नवी क्लिप बसवली आहे, आता नळ बंद केला की काही आवाज येत नाही. मेन व्हॉल्व्ह मात्र प्लंबरकडून बदलून घेतला, ते काम मी माझ्या हातात घेतलं नाही.

आता तुमचं. मागच्या वेळी मी तुमच्या बेसिनखाली डोकावले होते, तेव्हा तिथल्या पाइपावर, सांध्याजवळ, हिरवट खरपुडी दिसली होती. असा डाग म्हणजे तिथे ओल येतेय किंवा कधीतरी येऊन गेलीय. बाबा, ती खरवडू नका. तुम्हाला वाटेल एवढंसं तर काम आहे, पण गुडघे टेकून बेसिनखाली वाकणं तुम्हाला आता नको, आणि खरपुडीखाली पाइप किती पातळ झालाय ते वरून कळत नाही. शिवाय त्याच पाइपाला एक हिरवी-पिवळी वायर पट्ट्याने जोडलेली मी पाहिली आहे. ती विजेच्या अर्थिंगची असते. इलेक्ट्रिशियनने बघितल्याशिवाय तो पाइप कोणालाही कापू देऊ नका, मलासुद्धा.

आई, तू एवढं कर. मेन व्हॉल्व्ह नक्की कुठे आहे ते बाबांना विचार आणि तुझ्या हाताने एकदा बंद कर, उघड. बंद केल्यावर सगळ्यात खालच्या नळातून पाणी खरंच थांबतं का ते दोन मिनिटं बघ. पूर्ण उघडल्यावर किंचित मागे फिरवून ठेव, म्हणजे तो अडकून बसत नाही. घट्ट असेल, हलत नसेल, तर अजिबात जोर लावू नकोस, तसाच सोड आणि मला फोन कर. रात्री-अपरात्री पाइप गळायला लागला तर घरात तुम्ही दोघंच असता आणि बाबांना बिछान्यातून उठायला वेळ लागतो. हाच विचार मी त्या दिवशी फरशी पुसताना करत होते.

मी येताना कटर, पाने, कपलिंगं सगळं आणते. फक्त पाइपाचं माप हवं. बाबा, हे काम तुमचं. डागापासून लांब, सरळ भागावर दोरा एकदा घट्ट गुंडाळा, जिथे टोक भेटतं तिथे खूण करा आणि पट्टीवर मोजा. सुमारे ४७ मिलिमीटर भरला तर पाइप १५ मिलिमीटर व्यासाचा, ६९ च्या आसपास भरला तर २२ चा. वेगळंच काही आलं तर तो आकडा तसाच्या तसा कळवा. दोरा आई गुंडाळेल, तुम्ही खुर्चीवर बसून मोजा.

तुमची,
धाकटी